नावेचे नाव

गेल्या श्रावणातली गोष्ट. नारळी पौर्णिमेस आठ दिवस उरले होते. आम्ही जुन्नरच्या घरी ओसरीवर पावसाची रिपरिप ऐकत बसलो होतो, इतक्यात घोडेगावच्या शाळेतील आमचा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. छत्री मिटून, पाय धुऊन तो टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, नवी होडी घेतली. पुनवेला पाण्यात सोडायची आहे. तिला एक चांगलं नाव सांगा. तुम्ही आम्हाला संस्कृत शिकवलंत, तुम्हाला सुचेल."

मुलांची नावे सुचविण्याचे काम निवृत्त शिक्षकाकडे नेहमीच येते. घरांची नावेही आम्ही पुष्कळ सुचविली. परंतु होडीचे नाव कोणी विचारल्याचा हा पहिलाच प्रसंग. "दोन दिवसांनी ये," असे सांगून आम्ही त्यास चहा पाजला आणि निरोप दिला.

हा विद्यार्थी मूळचा आंबेगावचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी येथे थोडा खुलासा केला पाहिजे. तालुक्याचे नाव आंबेगाव, परंतु तालुक्याची कचेरी घोडेगावी. आणि ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेथील जुन्या वास्तूंचे अवशेष वर दिसू लागतात आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतात. जेथे याचे वाडवडील नांगर धरीत, तेथे हा आता जाळे टाकतो. आणि पैलतीरावरच्या वस्तीतले कोणी अडले-नडले तर त्यास होडीत घेऊन अलीकडे आणतो. तेव्हा हे नाव हौसेच्या नौकेसाठी नव्हते. त्या होडीत माणसे बसणार होती.

प्रथम आम्ही आमच्या विद्येकडे वळलो. अमरकोशात नौकेस 'नौ', 'तरणि', 'तरि' असे स्त्रीलिंगी शब्द दिले आहेत. 'तरणि' पुल्लिंगी असता सूर्य आणि स्त्रीलिंगी असता नाव, ही गंमत आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. मराठीत मात्र लिंगाचा मेळ निराळाच. होडी ती, मचवा तो आणि गलबत ते! पूर्वीच्या लेखनपद्धतीत होडी ती 'नाव' आणि संज्ञा ते 'नांव', असा एका अनुस्वाराचा भेद तरी होता. लेखनाचे नियम बदलले आणि तो ठिपकाही गेला.

रात्री जेवणाची पाने मांडली असता आम्ही हा विषय घरात काढला, आणि पाहता पाहता त्याची सभा झाली. धाकटे बंधू म्हणाले, "यात विचार कसला? भीमा भीमाशंकरास उगम पावते. 'भीमा' ठेवावे." सूचना समर्पक होती. परंतु भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात नौकांच्या जाती मापांप्रमाणे सांगितल्या आहेत. त्यांत सामान्य जातीच्या दहा नौका येतात: क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला, पटला, भया, दीर्घा, पत्रपुटा, गर्भरा आणि मंथरा. यांपैकी भीमा, भया आणि गर्भरा या अशुभ होत, असे ग्रंथकाराने म्हटले आहे. ही जातींची नावे आहेत, एकेका नौकेची नव्हेत, हे खरे. पण शंका मनात आली की ती जात नाही. त्याच ग्रंथात नौकेच्या नाळेवर सिंह, महिष, नाग, हत्ती, वाघ, पक्षी, बेडूक वा मनुष्य यांची मुखे बसवावीत असेही सांगितले आहे. बेडूक ऐकून मुलांनी जो हशा पिकवला, त्यात बंधूंची 'भीमा' मागे पडली.

नातू म्हणाला, "आजोबा, 'टायटॅनिक'!" त्याच्या आईने डोळे वटारले. परंतु आम्हांस त्यात शिकविण्याजोगे काही दिसले. ग्रीक पुराणांत टायटन म्हणून बलाढ्य दैत्य होते, आणि देवांशी झालेल्या युद्धात ते हरले. हरलेल्यांचे नाव धारण करणारी ती अजस्र आगबोट आपल्या पहिल्याच सफरीत, १५ एप्रिल १९१२ रोजी, सुमारे पंधराशे माणसांसह बुडाली. बंधू लगेच म्हणाले, "म्हणजे नावाचा गुण येतो!" पण हे प्रमाण टिकणारे नाही. तिचीच थोरली बहीण 'ऑलिंपिक' देवांच्या पर्वताचे नाव घेऊन १९११ पासून १९३५ पर्यंत सुखरूप चालली, हे ठीक. परंतु धाकटी 'ब्रिटानिक', जिच्या नावात कोणी दैत्य नव्हता, ती महायुद्धात १९१६ साली बुडाली. पाण्यास व्युत्पत्ती कळत नाही.

मग थोरल्या सूनबाईंनी सुचविले की एखाद्या संताचे नाव ठेवावे. साधे, सर्वांच्या तोंडी बसलेले. त्यावर सौ. एकाएकी गप्प झाल्या. त्यांचे माहेर पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातले, रेवसच्या बाजूचे. तिकडच्या घरांतून 'रामदास' हे नाव आजही हलक्या आवाजात घेतले जाते.

स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत इंग्रजी आगबोट कंपन्यांशी स्पर्धा करण्यास एक देशी सहकारी कंपनी निघाली. कोकणची माणसे तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. प्रवाशांच्या श्रद्धा ओळखून कंपनीने आपल्या बोटींस 'तुकाराम', 'रामदास' अशी नावे दिली, आणि ख्रिस्ती संतांच्या नावांच्याही बोटी तिच्याकडे होत्या. ज्या बोटीवर आपल्या संताचे नाव, ती बोट आपली; तिच्यात पाऊल टाकताना भय वाटत नसे. परंतु ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी समुद्राने गिळल्या. पुढे १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्यास महिनाही उरला नव्हता. "माझ्या आजोळच्या गल्लीत त्या दिवशी चूल पेटली नव्हती, असं आई सांगे," एवढेच सौ. बोलल्या. ताटावरची मुलेही स्तब्ध झाली. संताचे नाव थोर, यात संशय नाही. परंतु नाव पाहून माणूस निर्धास्त होतो, हाच त्यातला धोका होय.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मनात विचार आला, की धरणाच्या जलाशयास तरी कोणाचे नाव आहे? हुतात्मा बाबू गेनू सागर! आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा हा गरीब गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. स्वदेशीसाठी प्राण देणाऱ्याच्या नावाचे हे पाणी. आणि स्वदेशी सिंधिया कंपनीची पहिली बोट कोणती? 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा! ती मूळची 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाची होती. १९१४ च्या युद्धात संस्थानिकांनी ती रुग्णनौका म्हणून विकत घेतली आणि इंग्रज सरकारवरील निष्ठा दर्शविण्यास तिचे हे नवे नाव ठेवले. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांच्या सिंधिया कंपनीने तीच घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून विलायतेस निघाली. नाव निष्ठेचे आणि कृती स्पर्धेची! त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. पुढे त्याच कंपनीच्या विशाखापट्टणच्या गोदीत बांधलेली मोठी आगबोट १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. तिचे नाव 'जलउषा'. पूर्वीच्या नावांत दुसऱ्याचे राज्य बोलत होते. या नावात आपली पहाट होती.

नाव पुन्हा पुन्हा दिले जाते, हाही एक विशेष. आपल्या घरांत आजोबांचे नाव नातवास ठेवतात, तसेच आरमारात होते. 'विक्रांत' ही पहिली विमानवाहू नौका इंग्रजांनी 'हर्क्युलिस' म्हणून बांधावयास घेतली व अर्धवट सोडली. ती आपण घेतली, आणि ४ मार्च १९६१ पासून ३१ जानेवारी १९९७ पर्यंत तिने सेवा केली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीनला बांधलेली नवी 'विक्रांत' आरमारात दाखल झाली. आपल्या शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या महापुरुषाने पुढे कल्याण-भिवंडी घेऊन ज्या आरमाराचा पाया घातला, त्यात गुराबा, गलबते, तरांडी, शिबाडे होती. त्यांची राजमुद्रा ज्या अष्टकोनी आकाराची, तोच आकार त्या दिवशी आरमाराच्या नव्या निशाणावर आला.

आणि साधी नावेही किती दूर जातात! कमांडर दिलीप दोंदे हे एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी परतले. गोव्यात बांधलेल्या त्या नौकेचे नाव 'म्हादेई'. ज्या नदीस खाली मांडवी म्हणतात, तिचेच हे वरचे, घरचे नाव. त्यानंतरची 'तारिणी' ओरिसातील तारातारिणी देवीच्या नावाची. सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये तीतून जगाची फेरी पूर्ण केली. पाण्यास भिवविणारे नाव त्यांनी निवडले नाही. घरून निघताना जिला हात जोडावे, तिचे निवडले.

दोन दिवसांनी विद्यार्थी आला, तो वृद्ध मातोश्रींस घेऊन आला. आम्ही 'तारिणी', 'तरणि', 'घोडगंगा' अशी नावे कागदावर लिहून ठेवली होती. त्याने ती मोठ्याने वाचली आणि आईकडे पाहिले. म्हातारी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, नावं ग्वाड हाईत. पर हिचं नाव 'आंबेगाव' ठिवलं तर चालंल का?"

खरे सांगावयाचे तर आमच्या मनात प्रथम विरोधच आला. जे बुडाले त्याचे नाव तरंगणाऱ्या वस्तूस द्यावे काय? आम्ही तसे बोलूनही दाखविले. त्यावर तिने शांतपणे उत्तर दिले, "गाव बुडालं, त्येचं नाव कुठं बुडालं? तालुक्याला हायेच की. पर तालुक्याचं आंबेगाव कागदावर. माझ्या नातवानं ते पाण्यावर चालताना बघावं, एवढंच." यावर आमच्यापाशी 'युक्तिकल्पतरु'तील एकही वचन नव्हते. आम्ही कागद घडी करून ठेवला.

मात्र नामकरणाची दक्षिणा आम्ही मागून घेतली. "होडीत माणसे किती बसतात?" "सहा, गुरुजी. दाटीनं नऊ." "सहाच बसव. आणि जितकी माणसे, तितकी जीवरक्षक जाकिटे घेतल्यावाचून नाव रंगवावयाचे नाही." तो हसला, पण आम्ही 'रामदास'ची हकिकत सांगितली तेव्हा हसू मावळले. त्याने सहा जाकिटे आणली, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती दाखविण्यास एसटीने मुद्दाम जुन्नरपर्यंत आला.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर आमचे सांगणे थोडके आहे. नाव तीन-चार अक्षरी असावे, म्हणजे वाऱ्यातही हाक पोहोचते. पाण्यापुढे प्रौढी मिरविणारे नसावे. वल्हे मारणाऱ्याच्या जिभेवर ते सहज बसावे. आणि त्याला ते परके वाटता कामा नये. पण कितीही पवित्र नाव ठेवले, तरी त्याच्या भरवशावर एक माणूस अधिक बसवू नये.

पौर्णिमेस आम्ही सहकुटुंब डिंभ्यास गेलो. अक्षरे आम्हीच खडूने आखून दिली होती. रंगाऱ्याने 'आं'वरील अनुस्वार विसरला होता, तो नातवाने बोटाने रंगविला. नारळ वाहिला, होडी पाण्यात गेली. म्हातारी काठावर बसून होती. होडी दूर जाऊ लागली तेव्हा तिने हात वर करून एका जागी बोट दाखविले आणि सौ.ना म्हणाली, "तितं आमचं अंगण."