वायू जिथे अडतो

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं घट्ट धरून दांडा रेटा, हवा आक्रसते. पण दाब शेकडो पटींनी वाढवत नेला, की ती अडून बसते. अणूंनाही अंग असतं ना! हेग शहरात शाळामास्तर असलेल्या व्हान डर वाल्सनं 1873 मध्ये लायडन विद्यापीठातल्या प्रबंधात ही अडलेली जागा समीकरणात बसवली. केवढं धाडस! तेव्हा अणू आहेत की नाहीत, यावरच वाद होता.

आर्गॉनच्या एका मोलसाठी ती जागा सुमारे 32 घनसेंटिमीटर भरते. दोन गोलांची केंद्रं एका व्यासापेक्षा जवळ येऊच शकत नाहीत, म्हणून ती अणूंच्या स्वतःच्या आकारमानाच्या चौपट असते. 32 ला चारनं भागा, मग मोलमधल्या 6.022 × 10²³ अणूंनी. हाती येणाऱ्या इवल्या गोलाचा व्यास: सुमारे 0.29 नॅनोमीटर.