फुकट विद्येची किंमत

विद्यादान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपल्याकडे परंपरेने मानले जाते. परंतु देणाऱ्याने दान दिले म्हणजे ते घेणाऱ्याच्या पदरात पडलेच, असे मात्र नव्हे. संगणकाला आज्ञा देण्याची विद्या, म्हणजे आज सर्वतोमुखी झालेले ‘कोडिंग’, साधनहीन मुलांना विनामूल्य शिकविणारे अनेक उपक्रम गेल्या दीड दशकात जगभर उभे राहिले. त्यांत शिकविणारे स्वयंसेवक असतात, शुल्क घेतले जात नाही, आणि २०२० च्या साथीनंतर यांतील कित्येक वर्ग दूरस्थ पद्धतीने भरू लागले. या उपक्रमांचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. पण हे वर्ग कशाच्या बळावर टिकतात आणि कोणाच्या दारापर्यंत जाऊन थबकतात, हा प्रश्न कौतुकाच्या भरात मागे राहिला आहे.

या चळवळीचा इतिहास मोठा नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथे २०११ साली जेम्स व्हेल्टन हा तरुण आणि बिल लियाव हे उद्योजक यांनी ‘कोडरडोजो’ची स्थापना केली. सात ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी यावे, जाणत्यांनी शिकवावे, आणि कोणी कोणाकडून पैसे घेऊ नयेत, एवढीच त्यामागील कल्पना. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘कोड क्लब’ सुरू झाले. तेथे स्वयंसेवक शाळा सुटल्यावर आठवड्यातून एक तास मुलांना शिकवू लागले. दोन्ही उपक्रमांत शिकविणारा आणि शिकणारा एकाच खोलीत बसत. एप्रिल २०२० पर्यंत ही खोलीच बंद झाली होती.

त्या महिन्यात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस पीच आणि मेहरान सहामी या प्राध्यापकांनी ‘कोड इन प्लेस’ हा प्रयोग केला. आपल्या विद्यापीठातील प्राथमिक प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमाचा पूर्वार्ध त्यांनी पाच आठवड्यांत जगभरच्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकविला. हा प्रयोग वंचितांपुरता मर्यादित नव्हता. तरी त्यापासून घेण्याजोगा धडा वंचितांच्या शिक्षणाला सर्वाधिक लागू पडतो. प्राध्यापकांची व्याख्याने ध्वनिचित्रित होतीच. पण आयोजक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी नऊशेंहून अधिक स्वयंसेवक निवडले, त्यांना शिकविण्याचे प्रशिक्षण दिले, आणि सुमारे दहा विद्यार्थ्यांमागे एक याप्रमाणे दर आठवड्याला छोटे वर्ग चालविले.

या दहास एक या प्रमाणातच सारे मर्म आहे. त्या अभ्यासक्रमाच्या आरंभी विद्यार्थ्याला कॅरेल नावाचा एक काल्पनिक यंत्रमानव भेटतो. त्याला पुढे चालणे येते, डावीकडे वळणे येते. उजवीकडे वळणे मात्र येत नाही. त्याला उजवीकडे वळवायचे तर तीनदा डावीकडे वळण्याची आज्ञा द्यावी लागते. ही युक्ती मुलाला स्वतः सुचली तर तो हरखून जातो. न सुचली तर संगणक मुकाट राहतो, आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ अशी खूणगाठ मनात बसते. त्या क्षणी पाठीशी कोणी असेल तर मूल टिकते, नसेल तर गळते. हार्वर्ड व एमआयटी या नामांकित संस्थांच्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केले होते. व्याख्याने उत्तम होती, ती ऐकण्यास पैसेही पडत नव्हते. तरी शंभरातले सत्त्याण्णव वाटेत थांबले.

एका भारतीय प्रयोगाचाही अनुभव असाच आहे. सुगत मित्र यांनी १९९९ साली दिल्लीतील कालकाजी भागात भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसविला. वस्तीतील मुले कोणी न शिकविता तो हाताळू लागली, याची जगभर वाहवा झाली. परंतु खुद्द मित्र यांनाच २००९ च्या सुमारास मुलांना उत्तेजन देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची निकड जाणवली. त्यांच्या आवाहनावरून ब्रिटनमधील स्वयंसेवक, त्यांत अनेक निवृत्त शिक्षक, पडद्यावरून भारतीय मुलांशी बोलू लागले. पुढे त्यांना मिळालेल्या पारितोषिकातून भारत व इंग्लंड मिळून सात केंद्रे उभी राहिली. त्यांतील एक आपल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेच्या आश्रयाने होते. दूरदेशीच्या आजीबाईंचा चेहरा पडद्यावर दिसावा म्हणून फलटणमध्ये खोली उघडणारा, जोडणी लावणारा, मुलांना गोळा करणारा कोणी तरी असावाच लागतो. दूरच्या शिक्षकाला जवळच्या माणसावाचून गत्यंतर नाही.

नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे दुर्लक्षिली जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतर मोबाइल झपाट्याने पसरला हे खरे. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. परंतु घरात फोन असणे आणि तो ठरल्या वेळी मुलाच्या हाती पडणे यांत अंतर आहे. वडील फोन घेऊन कामावर गेले की त्या घरातील वर्ग सुटला; आणि घरात भाऊ-बहीण दोघेही शिकत असतील तर फोन प्रथम कोणाच्या वाट्याला येतो, हे सांगावयास नको. अशा स्थितीत ‘सर्वांसाठी खुला’ म्हणून जाहीर झालेला विनाशुल्क वर्ग ज्यांच्याकडे आधीच यंत्र, जोडणी आणि निवांत कोपरा आहे त्यांच्याच मुलांनी भरतो. दानाचा हेतू शुद्ध असूनही त्याचा लाभ भलतीकडेच जातो.

मग काय करावे? पहिली गोष्ट, हे वर्ग घरात नव्हे, शाळेत भरवावेत. संध्याकाळी तासभर उघडी राहणारी एक खोली, चार-सहा चालू संगणक, आणि दूरच्या स्वयंसेवकाचा सहकारी म्हणून त्या शाळेतील एक शिक्षक, एवढे जुळले तरी पुष्कळ. या शिक्षकाला स्वतः कोडिंग येत नसले तरी बिघडत नाही. कोणते मूल गप्प बसले आहे हे पडद्यापलीकडच्यापेक्षा त्याला अधिक कळते. मात्र या कामाची नोंद त्याच्या कार्यभारात व्हावी. आणखी एक बिनपगारी ओझे म्हणून ते त्याच्या माथी मारू नये. दुसरी गोष्ट भाषेची. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागल्या तरी त्यांमागील तर्क मराठीत समजावून सांगण्यास कोणतीही आडकाठी नाही. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत संगणकाचे पाठ तयार केले असून ते इंटरनेटवाचूनही वापरता येतात.

तिसरी गोष्ट स्वयंसेवकांची. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करावयाचे असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आठवड्याला एक याप्रमाणे तीस तास ग्रामीण शाळेतील दहा मुलांना दिले आणि तितकेच तास पूर्वतयारीला दिले, तरी निम्मी सेवा शिल्लक राहते. अट एकच: वर्ग वर्षभर चालला पाहिजे. परीक्षा आली की नाहीसा होणारा स्वयंसेवक मुलांना विद्या तर देत नाहीच; उलट, आपल्यासाठी कोणी थांबत नाही, हा धडा मात्र देऊन जातो.

यावर दोन आक्षेप संभवतात. हे तर शासनाचे कर्तव्य, स्वयंसेवकांनी ते का उचलावे, हा पहिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंग आणण्याचे म्हटले आहे, तेव्हा जबाबदारी कोणाची याविषयी संदेह नाही. स्वयंसेवक हा शिक्षकाच्या रिक्त जागेवरील उमेदवार नव्हे, आणि त्याच्या निमित्ताने ती जागा रिक्त ठेवणे हा तर अपराधच होय. दुसरा आक्षेप असा, की आता यंत्रेच आज्ञावली लिहू लागली असताना मुलांनी ती शिकावी कशाला? परंतु गणकयंत्र आले म्हणून पाढ्यांमागील समज कोणी टाकून दिली नाही. कॅरेलला उजवीकडे वळविताना मूल मोठ्या अडचणीचे लहान तुकडे करावयास शिकते. आणि यंत्राने दिलेले उत्तर चुकले आहे, हे ओळखण्यास तीच शिस्त लागते.

महात्मा फुले यांनी १८५५ साली आपल्या घरी रात्रीची शाळा चालविली. दिवसभर राबणाऱ्यांना दिवसाच्या शाळेत येता येत नाही, हे त्यांनी जाणले होते आणि म्हणून शाळेनेच आपली वेळ बदलली. विनाशुल्क विद्येची किंमत अशी कोणाला तरी मोजावी लागतेच. ती ठरलेल्या तासाच्या, उघड्या खोलीच्या आणि थांबणाऱ्या माणसाच्या रूपाने समाजाने मोजली नाही, तर तिचा भार शेवटी ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलावरच पडेल.