कोरड्या डोळ्यातला दाह

डोळ्यावर अश्रूंचा जेमतेम ३ मायक्रॉन जाडीचा थर असतो. मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, थरातलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. खरी गोम इथे आहे. मिठागरातल्या पाण्यासारखे अश्रू खारट होत जातात आणि बुबुळावरच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आक्रसलेल्या पेशी याला संकट समजतात. त्यांच्यातली एनएफ-कप्पा-बी ही यंत्रणा जागी होते. इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा असे दाहाचे निरोप सुटतात. जंतू एकही नसतो, तरी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी धावून येतात. एमएमपी-९ हे विकर पेशींमधले सांधे सैल करतं. सर्वांत वाईट म्हणजे, अश्रूंना धरून ठेवणारं बुळबुळीत म्युसिन बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीच मरू लागतात. मग थर आणखी लवकर फुटतो, कोरडेपणा वाढतो आणि दाहही.

म्हणूनच नुसत्या कृत्रिम अश्रूंनी कित्येकांना पुरेसा आराम पडत नाही. दाह शमवणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना अमेरिकेत २००२मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. आपल्या मनाने दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणं मात्र कृपा करून टाळा. त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.