‘माज’ आणि ‘वेत’ : मांजरीसाठी घेतलेले उसने शब्द

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भातगिरण्यांचे गाव. भोवतालचा मुलूख डांगी जनावरांचा. जेथे भात तेथे उंदीर आणि उंदरांमागे मांजर, हे ओघानेच आले. परंतु गाय व मांजर यांच्या वाट्याला आलेली शब्दसंपत्ती फार विषम आहे. गाय माजावर येते, फळते, न राहिल्यास उलटते, गाभण होते, विते, आटते, भाकड पडते. प्रत्येक अवस्थेशी दुधाचा हिशेब निगडित असल्याने प्रत्येकीस स्वतंत्र शब्द आहे. मांजरीसाठी यांतलेच तीनचार शब्द उसने घेतले जातात. बोक्याचे स्त्रीरूप ‘भाटी’ व्याकरणाच्या पुस्तकांत भेटते, बोलण्यात क्वचितच. एरवीचे ‘ते मांजर’ गाभण राहिले की बहुधा ‘ती मांजर’ होते, इतकीच दखल भाषा घेते.

उसन्या शब्दाबरोबर उसनी समजूतही येते. गाईचा माज दिवसाच्या आत ओसरतो, सुमारे 21 दिवसांनी परततो, आणि तिचे स्त्रीबीज वळूची वाट न पाहता सुटते. मांजरीत ते सामान्यतः संयोगामुळेच, त्यानंतर एकदोन दिवसांत सुटते. त्यासाठी बहुधा एकाहून अधिक संयोग लागतात. त्यामुळे एका वेतातील पिलांचे जनक निरनिराळे बोके असू शकतात. संयोग न घडल्यास आठवडाभराचा माज दोनतीन आठवड्यांनी पुन्हा उद्भवतो. आपल्याकडे दिवसमानात फार अंतर पडत नसल्याने हे चक्र वर्षातील बराच काळ चालते. गर्भकाळ सुमारे 63 ते 65 दिवसांचा. पिले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. ‘पिले सुटू द्या, मग पाहू’ म्हणेपर्यंत दुसरे वेत दाराशी येते, आणि नकोशी पिले पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याचा निर्दय उपाय योजला जातो.

बैल ‘खच्ची’ करतात, ‘बडवतात’. हे शब्द नराचे. मादीचे अंडाशय काढण्यास रूढ देशी क्रियापद नाही, कारण गाईम्हशींची किंमतच विण्यात होती. ‘वांझ’ हे विशेषण, आणि तेही दूषण. ‘एकदा तरी विऊ द्यावी’ हा आग्रह याच गोठ्यातून आलेला दिसतो. त्यास वैद्यकीय आधार नाही; मांजर चारपाच महिन्यांचीही माजावर येऊ शकते, आणि शस्त्रक्रिया पहिल्या माजापूर्वी करता येते. माणसांकडून आलेला ‘नसबंदी’ हा शब्द आता रुळला आहे, पण तोही फसवा. नुसती नलिका बांधली तर अंडाशय शाबूत राहून माज आणि रात्रीचे ओरडणे दोन्ही चालूच राहतील. म्हणून प्रचलित शस्त्रक्रियेत अंडाशयच, पुष्कळदा गर्भाशयासह, काढतात. पशुवैद्याशी बोलताना शब्दावर न थांबता कोणता अवयव काढणार हे विचारलेले बरे.