नळाला पाणी आल्यानंतर

घोड नदीच्या काठी वसल्यामुळे जुन्या पिढीला घोडनदी याच नावाने परिचित असलेले शिरूर त्या नदीचेच पाणी पिते. दौंड मात्र भीमेच्या तीरावर असूनही खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसते, आणि ते सुटेपर्यंत साठवण तलावावर दिवस काढते. उगम निराळे असले तरी शुद्ध केलेले पाणी उंच टाकीत चढवावयाचे आणि तेथून जमिनीखालच्या नळांनी घरोघर पोहोचवावयाचे, हा क्रम दोन्हीकडे एकच. त्यांपैकी एखादी मोठी वाहिनी फुटली म्हणजे एका आळीचा दिनक्रम कसा विस्कटतो, हे कळशी-बादल्या मांडून टँकरची वाट पाहिलेल्या गृहिणीस सांगावयास नको.

वाहिनी फुटली की लोकांचे लक्ष साहजिकच रस्त्याने वाहून जाणाऱ्या पाण्याकडे वेधते. परंतु आरोग्याच्या दृष्टीने घातक क्षण येतो तो ही धार थांबल्यावर. वाहिनीत दाब असेतोवर प्रत्येक भेगेतून पाणी बाहेर पडते, आत काही शिरत नाही. व्हॉल्व्ह बंद होऊन नळ रिता होऊ लागला, सखल भागातील घरांनी उरलेसुरले पाणी ओढून घेतले, की आत पोकळी निर्माण होते आणि खड्ड्यातील चिखल, शेजारच्या गटाराचे झिरपलेले पाणी, सडलेल्या नळजोडातील घाण हे सारे त्या पोकळीत ओढले जाते. पाळीपाळीने पाणी सोडणाऱ्या गावांत नळ तर रोजच रिते होतात. त्यात नळाला थेट मोटार लावण्याची सवय म्हणजे शेजाऱ्याच्या हक्काचे पाणी पळविणे तर आहेच, पण गटाराला आपण होऊन आमंत्रण देणेही आहे, आणि याबाबतीत नगरपरिषदेने कितीही सक्त ताकीद दिली तरी ती अधिक होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून जाणता फिटर खड्ड्यातील गाळपाणी वाहिनीच्या तळाखाली उतरेपर्यंत उपसून घेतो, आणि मगच फुटका तुकडा कापतो. नवा तुकडा व जोड बसविण्यापूर्वी क्लोरिनच्या तीव्र द्रावणाने आतून पुसून घेतो. नंतर वॉशआऊट उघडून पाणी जोराने सोडावयाचे, ते प्रथम तांबूस, मग गढूळ आणि अखेर नितळ येईपर्यंत. हे पाणी वाया जाताना पाहून तहानलेल्या वस्तीचा जीव तळमळतो, ते स्वाभाविकच आहे. परंतु गाळ राहिला तर क्लोरिनची शक्ती त्या गाळावरच खर्ची पडते, जंतूंसाठी काही उरत नाही. ओलाव्यात पडून राहिलेल्या पोत्यातील टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचीही तीच गत: वजन भरते, पण गुण गेलेला असतो.

यानंतरची परीक्षा फार साधी आहे. काचेच्या नळीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरले पाहिजे. मात्र ही परीक्षा टाकीजवळच्या नळावर घेऊन दप्तरात नोंद केल्याने भागत नाही. ती वस्तीच्या शेवटच्या टोकाच्या घरी घ्यावी लागते. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच नाही, हे ठरविणारी जंतुपरीक्षा प्रयोगशाळेत किमान एक दिवस घेते. तेवढा काळ पाणी खळखळून उकळून पिणे, हाच घरचा बंदोबस्त.

याच पुणे जिल्ह्याने पाण्याचे मोठे आघात सोसले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि महापुरात बुडालेल्या पुण्यालाच प्यावयास पाणी उरले नाही. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटून वस्त्यांत पाणी शिरले. पुढे दौंड-इंदापूरकडे जाणारा तो हाच कालवा. पण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारे रोगाचे रुग्ण वाढले, त्यांपैकी काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि पिण्याच्या पाण्यावर संशयाची सुई वळली, तेव्हा ना कोठे महापूर होता, ना धरण फुटले होते.

शिरूर-दौंडच्या कारभाऱ्यांनी, म्हणूनच, आणखी एक तजवीज ठेवावी. ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना घंटागाडीच्या कर्ण्यावरून जितक्या तत्परतेने दिली जाते, तितक्याच तत्परतेने ती मागे घेतल्याचेही त्याच कर्ण्यावरून, तपासणीची तारीख सांगून, गल्लोगल्ली जाहीर करावे. नाहीतर काही घरे एका दिवसात उकळणे सोडून देतात, आणि काही घरांतील म्हातारी माणसे महिनोन्‌महिने गॅस जाळीत राहतात.