बारामती–पुणे हवाई अंतर

बारामती–पुणे हवाई अंतर म्हणजे पुणे जिल्ह्यातील बारामती विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्यामधील, भूपृष्ठावर सरळ मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. ते सुमारे ८१ किलोमीटर, म्हणजेच ४४ सागरी मैल आहे. पाटसमार्गे रस्त्याने हेच अंतर १०० किलोमीटरच्या आसपास भरते.

गणना

लोहगाव विमानतळ १८.५८° उत्तर अक्षांश व ७३.९२° पूर्व रेखांशावर, तर बारामती विमानतळ १८.२३° उत्तर व ७४.५९° पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखूड होत जातो व या भागात तो सुमारे १०५.५ किलोमीटर भरतो. त्यानुसार दोन्ही विमानतळांत दक्षिणोत्तर ३९ व पूर्व-पश्चिम ७१ किलोमीटरचा फरक पडतो. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण ८१ किलोमीटर येतो. एवढ्या कमी अंतरात पृथ्वीच्या वक्रतेचा परिणाम नगण्य असतो. दूरच्या स्थळांसाठी मात्र बृहत्-वर्तुळाचे सूत्र वापरावे लागते.

उड्डाणाचा वेळ

ताशी २०० किलोमीटर वेगाच्या लहान विमानास हे अंतर कापण्यास २४ मिनिटे लागतात. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून असल्यास ३० मिनिटे, तर पाठीमागून असल्यास २० मिनिटे लागतात. उड्डाण, अवतरण व परवानगीची प्रतीक्षा यांचा वेळ यात धरलेला नाही.

प्रवाशांच्या दृष्टीने

बारामती विमानतळाचा उपयोग मुख्यतः वैमानिक प्रशिक्षणासाठी व खासगी विमानांसाठी होतो; तेथून नियमित प्रवासी विमानसेवा चालत नाही. इंदापूर शहरापासून हा विमानतळ सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत असला, तरी नियमित विमानसेवेसाठी तेथील प्रवाशास पुणे–सोलापूर महामार्गाने दूरच्या विमानतळावर जावे लागते. त्यामुळे जवळचा विमानतळ सोयीचा असतोच असे नाही.

सरळ रेषा आणि वळसा

सरळ अंतर व प्रत्यक्ष वाट यांतील तफावत इंदापूर तालुक्यात उजनी जलाशयाच्या काठीही दिसते. इंदापूर तालुक्यातील कळाशी व करमाळा तालुक्यातील कुगाव ही गावे समोरासमोरच्या काठांवर आहेत. मात्र रस्त्याने जाताना जलाशयाला मोठा वळसा पडतो. तो वाचवण्यासाठी ग्रामस्थ बोटीने ये-जा करत आले आहेत. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात या मार्गावरील बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. नकाशावरील अंतर कितीही कमी असले, तरी प्रवासाचा वेळ आणि सुरक्षितता उपलब्ध मार्गावर व साधनावर अवलंबून असते.