मोफत लिबरऑफिस : दोन महिने वापरून बघितलं, त्याचा हिशोब



मागच्या सभेत एका ताईंनी विचारलं, "कार्यालयात हिशोबाचं शीट हल्ली वेगळंच दिसतंय. नवीन काय घेतलं का? किती पैसे गेले?" प्रश्न रास्त आहे. प्रभागसंघाचं कार्यालय तुमच्या पैशावर चालतं, तेव्हा उत्तर सगळ्यांनाच मिळायला हवं. तर, नवीन घेतलंय खरं, पण रुपयाही गेला नाही. त्याचं नाव लिबरऑफिस. ते का घेतलं, त्यात काय जमलं, काय अडलं आणि त्याच्या निमित्ताने माझीच एक चूक कशी उघडी पडली, ते आज लिहिते.

तुम्ही म्हणाल, आमच्या गटाचं सगळं वहीत असतं, आम्हाला कॉम्प्युटरचं काय? पण गटाची माहिती ग्रामसंघात जाते, लिपिकाताई तिचा मासिक अहवाल करतात, तो प्रभागसंघात येतो आणि इथे त्याचं शीट होतं. दर महिन्याला गटात जो मागणीचा कागद येतो, कोणी किती हप्ता आणि किती व्याज भरायचं तो, त्याच शीटमधून छापलेला असतो. म्हणजे तुमचा हिशोब त्या कॉम्प्युटरमधून फिरून परत तुमच्याकडेच येतो.

झालं असं की मार्चमध्ये, ऑडिटला आठ दिवस उरलेले असताना, कॉम्प्युटरवर एक पट्टी झळकली : ही प्रत अस्सल नाही. पुढे दोन दिवसांत फाइल उघडायची, दिसायची, पण तिच्यात एक आकडा लिहिता येईना. कॉम्प्युटर घेताना दुकानदाराने ऑफिसचं पॅकेज "टाकून दिलं" होतं. बिलावर त्याचा उल्लेख नव्हता, आणि आपल्यापैकीही कुणी विचारलं नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "पाचशे रुपये द्या, परत चालू करून देतो." म्हणजे चोरीच्या कुलपाला पुन्हा चोरीचीच किल्ली.

आम्ही नको म्हटलं. एक तर ते बेकायदेशीर आहे. आणि दुसरं, अशी किल्ली लावताना कॉम्प्युटरचं व्हायरसपासूनचं संरक्षण आधी बंद करायला लावतात. त्याच कॉम्प्युटरवर तुमचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांक आहेत. घराचं दार उघडं टाकून चोराकडूनच कुलूप दुरुस्त करून घेण्यासारखं ते.

पैसे भरून अस्सल पॅकेज घेणं हा सरळ रस्ता होता. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं, त्यात वाईट काही नाही. पण आपल्याला ते एकाच कॉम्प्युटरवर नको होतं, ग्रामसंघांच्या लॅपटॉपवरही हवं होतं. मग मी कॉलेजात ऐकलेलं लिबरऑफिस आठवलं. तेव्हा मी ते कधी उघडूनही बघितलं नव्हतं, हे खरं सांगते.

मोफत म्हटलं की आपल्याला शंका येते, आणि ती यावीच. म्हणून हे कुणाचं आहे ते आधी शोधलं. याचं मूळ जर्मनीतल्या एका कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ते विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याची आतली सगळी लिखावट सगळ्यांसाठी खुली केली. नाव पडलं ओपनऑफिस. २०१० मध्ये ओरॅकल नावाच्या मोठ्या कंपनीने सन विकत घेतली. आता आपल्या कामाचं काय होणार, अशी काळजी त्यावर काम करणाऱ्यांना वाटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यातले बरेचजण वेगळे झाले. त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था उभी केली, आणि जानेवारी २०११ मध्ये लिबरऑफिस या नावाने पहिली आवृत्ती आली. आपल्याकडे गट फुटला की आधी वहीवरून भांडण होतं. इथे लिखावट खुलीच असल्यामुळे वही दोघांकडेही राहिली! संस्था बर्लिनला आहे, तिला नफा कमवायचा नसतो, देणग्यांवर चालते. जगभरचे लोक त्यात भर घालतात, काही स्वेच्छेने, काही पगारावर. आपल्या देशात केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं असंच खुलं सॉफ्टवेअर शिकतात. म्हणजे हे फुकट आहे ते कुणी चोरून दिलंय म्हणून नाही, बनवणाऱ्यांनीच तशी परवानगी लिहून दिली आहे म्हणून.

त्यात पत्र, ठराव लिहायला राइटर आहे, हिशोबाला कॅल्क आहे, पडद्यावर माहिती दाखवायला इम्प्रेस आहे. आणखीही दोन-तीन भाग आहेत, त्यांना आम्ही अजून हात लावलेला नाही.

घ्यायचं कुठून? फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, लिबरऑफिस डॉट ऑर्ग. नुसतं नाव टाकून शोधलं तर वर जाहिराती येतात, त्यातल्या काही भलतंच काहीतरी उतरवून देतात. डाउनलोड साधारण साडेतीनशे एमबीचं आहे, तेव्हा नेट बरं असेल तिथे बसा. डाउनलोड करताना देणगीचं पान समोर येतं. ते बघून आमच्या लेखापालताई घाबरल्या, "बघ, मागितलेच पैसे!" देणगी ऐच्छिक आहे, पान बंद केलं तरी चालतं. इन्स्टॉल करताना "कस्टम" निवडलं तर भाषांची यादी येते, तिथे मराठीवर खूण करता येते. मी करून बघितलं. सगळे शब्द मराठीत आलेले नाहीत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी दिसतं. ज्यांनी एमएस-सीआयटी इंग्रजीतून केलंय त्यांना "सेव्ह", "प्रिंट" हेच ओळखीचं, म्हणून आम्ही मेनू इंग्रजीतच ठेवला. तुम्हाला मराठी बरं वाटलं तर मराठी ठेवा.

पहिल्या दिवशी मूळ फाइलला हातच लावला नाही. सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर काढल्या, त्यातल्या प्रती लिबरऑफिसमध्ये उघडल्या आणि फेब्रुवारीचे छापील कागद शेजारी ठेवून बेरजा जुळवल्या. बचत, कर्ज, वसुली, सगळ्या जुळल्या. ऑडिटचं काम त्यावरच पूर्ण झालं.

आता अडलं काय ते. पहिल्याच आठवड्यात तारखा उलट झाल्या. ५/४ लिहिलं की ५ एप्रिलऐवजी ४ मे. दोष लिबरऑफिसचा नव्हता, आपला कॉम्प्युटरच अमेरिकी पद्धतीवर लावलेला होता. टूल्स, मग ऑप्शन्स, तिथे भाषांच्या भागात "लोकॅल" म्हणून एक ओळ आहे, ती इंग्लिश (इंडिया) केली. आधी चुकून पडलेल्या तारखा मात्र हाताने सुधाराव्या लागल्या. त्याच भागात "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" नावाचा चौकोन आहे, त्यावर खूण हवी. मराठीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा धरला जातो, खूण नसेल तर तो नीट लावता येत नाही.

जुनी पत्रं उघडली तर काही नीट दिसली आणि काही नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. जी युनिकोड मराठीत टाइप केलेली होती ती नीट, आणि जी जुन्या काळच्या फॉन्टमध्ये होती त्यांना तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असल्याशिवाय कुठेच वाचता येत नाही. त्यासाठी आता आपण ठरवलंय, यापुढे प्रत्येक ठराव युनिकोडमध्येच. काही लेटरहेडवरचे तक्ते थोडे सरकले, ते ओढून जागेवर आणले. एका बँकेकडून येणारा बटणं दाबून भरायचा तक्ता मात्र चाललाच नाही, बटणं दिसतात पण हलत नाहीत. तो भरायला लेखापालताई अजून बँकेतच जाऊन बसतात. असं एखादं काम तुमच्याकडे असेल तर लिबरऑफिस पुरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

फाइल साठवताना ते विचारतं, एक्सेलच्या पद्धतीने ठेवू की माझ्या पद्धतीने? बाहेर पाठवायची असेल तर एक्सेलची पद्धत ठेवा. मोबाइलवर नुसतं बघायला कुणाला पाठवायची असेल तर वरच्या पट्टीतलं पीडीएफचं बटण दाबा, कुठल्याही फोनवर उघडते आणि आकडे चुकून बदलले जात नाहीत.

आता माझी चूक. मोफत असल्यामुळे एका ग्रामसंघाच्या लॅपटॉपवरही आपण लिबरऑफिस घातलं, आणि तिथल्या लिपिकाताईंना मागणीचं शीट पहिल्यांदाच छापील न देता फाइल म्हणून दिलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन. "ताई, दहा हजारांचं कर्ज, महिन्याला हजार मुद्दल भरतेय ती बाई. तिसऱ्या महिन्यालाही व्याज शंभरच कसं?"

त्यांनी व्याजाच्या घरावर क्लिक केलं होतं. तसं केलं की वरच्या पट्टीत फॉर्म्युला दिसतो, म्हणजे तो आकडा कुठून आला ते. दर महिन्याचं व्याज उरलेल्या मुद्दलावर धरायचं असं आपलं ठरलेलं आहे. शेकडा १ रुपयाने पहिल्या महिन्याला १०,००० वर १००, दुसऱ्याला ९,००० वर ९०, तिसऱ्याला ८,००० वर ८०. फॉर्म्युल्यात मात्र मी मूळ रकमेच्या घराला डॉलरचं चिन्ह लावलं होतं. ते चिन्ह लावलं की फॉर्म्युला खाली ओढला तरी तो त्याच एका घराला चिकटून राहतो. म्हणून प्रत्येक महिन्याला व्याज पुऱ्या दहा हजारांवर.

तीन हप्त्यांत त्या ताईंकडून ३० रुपये जास्त गेले होते. रक्कम लहान वाटते, पण दहाही हप्ते तसेच गेले असते तर ५५० च्या जागी १,००० रुपये व्याज झालं असतं. एका कर्जामागे ४५० रुपये. शीट मी केलेलं, तपासलंही मीच, आणि छापील कागदावर नुसते आकडे दिसतात म्हणून कुणाला कळायला मार्ग नव्हता. जुन्या पॅकेजमध्येही तो फॉर्म्युला दिसलाच असता. पण ते फक्त कार्यालयात होतं आणि कार्यालयात बघणारी मी एकटी. बाकीची शीटं मग आम्ही दोघींनी बसून तपासली. अशा पाच कर्जांच्या ओळी निघाल्या. जास्तीचं व्याज पुढच्या हप्त्यात वळतं केलं आणि तशी नोंद इतिवृत्तात घेतली.

तुमच्या हातातला मागणीचा कागद तुम्हीही तपासू शकता, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. पासबुकातलं उरलेलं मुद्दल बघा, त्याला शंभराने भागा, व्याजाचा दर १ रुपया असेल तर तेवढंच व्याज यायला हवं. दर २ रुपये असेल तर त्याची दुप्पट. आकडा जुळला नाही तर सभेतच विचारा.

पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघाच्या सभेनंतर दुपारी दोन तास लिपिकाताईंसाठी लिबरऑफिसचं शिकवणं ठेवलं आहे. येताना लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि एक रिकामा पेन ड्राइव्ह आणा. सॉफ्टवेअर मी डाउनलोड करूनच आणेन, म्हणजे नेटची वाट बघायला नको. गटाच्या ज्या ताईंना नुसतं बघायला यायचं असेल त्यांनीही यावं. आणि हो, फाइलची प्रत आणा, मूळ फाइल घरीच राहू द्या.